जांभळ्या रंगाचा पंचनामा

सकाळचे अकरा. नंदुरबारमधल्या एका कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. टेबलावर जांभळ्या पाण्याच्या परीक्षानळ्या आणि टेबलापाशी मी.

तुम्हाला वाटेल, बातमी झाली असणार. झाली ना, पण माझीच. भेसळीच्या बातम्या करण्यात माझी उभी हयात गेली. तिखटातला विटेचा भुगा मी पकडलाय. अशा माणसाने कसा गाढवपणा करावा, ते ऐका.

धडगावच्या वरच्या पाड्यावरचे रायसिंगबाबा मुळ्यांचा काढा देतात. आसपासचे सगळे पाडे त्यांना मानतात. पण खाली शहरात कुणीतरी म्हणालं, हे नुसतं रंगीत पाणी. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या प्रदर्शनात बाबांना स्टॉल हवाय, तर आधी तपासणीचा अहवाल आणा, असं कॉलेजवाले म्हणाले. मी म्हटलं, आणतो. आपल्या जिल्ह्याचं औषध, घाबरायचं कशाला?

काढ्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीराची झीज रोखणारे घटक आहेत का, ते या प्रयोगशाळेच्या वैशाली मॅडम तपासणार होत्या.

"तीनदा तपासल्याशिवाय अहवाल देता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे जांभळं रसायन संपत आलंय. जपून वापरायचंय."

एका नळीत त्यांनी चार थेंब काढा टाकला, नळी अंधाऱ्या कपाटात ठेवली. अर्ध्या तासाने काढली, तर जांभळा रंग गायब! फिकट पिवळं पाणी. काढा न घातलेली शेजारची नळी मात्र होती तशी जांभळी.

माझं डोकं सणकलं. चिडलो की मी अहिराणीवर येतो.

"हाई काय चाली ऱ्हायनं, मॅडम?"

"सर, ऐका तर..."

"काय ऐकू? आमच्या औषधाची वाट लावली तुम्ही."

"पत्रकार, तू बोल," माझ्यासोबत आलेले रायसिंगबाबा म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्यांना तूच म्हणतात, कलेक्टरलासुद्धा. "माझं औषध माणसाला उभं करतं. हे त्यालाच आडवं करतात."

मग काय, मी पंचनामाच सुरू केला. पंच कुठून आणायचा? तेवढ्यात कँटीनवाले रफिकभाई माझा कोरा चहा घेऊन आले. त्यांनाच उभं केलं.

"दादा, मी पंच? तठे मन्हं दूध उतू जाई ऱ्हायनं."

"जाऊ द्या. हे रसायनच बोगस आहे, काहीही टाकलं तरी याचा रंग उडतो. आत्ता सिद्ध करतो. मॅडम, माझा चहा टाका यात."

"सर, रसायन थोडंच उरलंय."

"घाबरलात? आणि एकदा नाही, तीनदा. नियम म्हणजे नियम."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले आणि तीन नळ्या भरल्या. पुन्हा कपाट, पुन्हा अर्धा तास. तिन्ही पिवळ्या.

"बघा," मी छाती पुढे काढली. "काढ्याचं केलं तेच चहाचं केलं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "कारण दोन्ही पास झालेत. रंग उडतो तीच तर त्यांची ताकद. उडाला नसता तर काढा नापास होता."

रफिकभाई हळूच म्हणाले, "म्हंजे मन्हा चहा पास शे?"

"तीनही वेळा," मॅडम म्हणाल्या.

रायसिंगबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्रकार, तू आता बोलू नको."

तरी बोलतो. आमचा काढा पहिल्याच नळीत पास झाला, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. फक्त अहवाल नाही. एकच नळी झाली, रसायन संपलं.

रफिकभाईंच्या कँटीनवर मात्र पाटी लागलीय: 'प्रयोगशाळेत पास झालेला चहा'. काढ्याची बाटली कॉलेजच्या फ्रिजमध्ये पडून आहे. रसायनाचं मॅडमना विचारलं तर त्या ऑफिसकडे बोट दाखवतात, ऑफिस मॅडमकडे. ते संपवलं कोणी, हे सगळे न विचारता सांगतात. येणार कधी, याचं उत्तर मला अजून कुणीही दिलेलं नाही.