माठापर्यंतची वीस पावलं

परवा नातीच्या पाटीवरचा खडू हाताला लागला आणि जालन्यातली ती लोखंडाची मिल आठवली. नव्या मॅनेजरांना मी कामगारांची वायफळ ये-जा हेरायला शिकवत होतो. एकाला मी खडूनं आखलेल्या वर्तुळात तासभर निरखत उभं केलं. तो म्हणाला, "सर, भट्टीवरचा माणूस पाण्यासाठी दारापर्यंत वीस पावलं जातो." शाबासकी देऊन मी दाराजवळचा माठ भट्टीशेजारी आणवला. तिसऱ्या दिवशी तो भट्टीवाला घेरी येऊन पडला. तोंडावर पाणी मारल्यावर पुटपुटला, "सायब, नुसती तहान न्हाई वो. तिकडं गेलं की जरा वारं लागायचं." माठ परत दाराशी नेला, तर खडूचं वर्तुळ तिथंच होतं. इतक्या वर्षांनी अजून सलतं, मॅनेजरला उभं करायला गार जागा मी बरोबर हेरली होती.