अकलोलीच्या कुंडात धुतलेली कवळी

सकाळी वडप्याहून कल्पनाचा फोन आला. "दादा, आईंनी काल अकलोलीला जाऊन कवळी गरम कुंडात धुतली. तवापासून डुगडुगतेय. आन आज त्या लग्नात गानार हायत." चहा तसाच टाकून मी नाशिकचा बसस्टँड गाठला.

मी कवळ्या तयार करतो. कल्पनाच्या सासूबाई, सोनूबाय, त्यांच्या भागातल्या धवलारीण (लग्नाचे विधी करवणारी आणि त्या वेळचे धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई). गाताना जोर लागून त्यांची वरची कवळी दरवेळी मधोमध तडकायची. लेकीकडे नाशिकला आल्या तेव्हा मी त्यांना नवी करून दिली आणि तिच्या गुलाबी अॅक्रिलिकमध्ये वाख (अंबाडीच्या सालीचा धागा) घातला. वाख आधी कॉस्टिक सोड्यात धुऊन वाळवावा लागतो, नाहीतर अॅक्रिलिक त्याला धरत नाही. तसा वाख घातलेल्या पट्ट्या करून मी त्या मोडून पाहिल्या होत्या. साध्या पट्टीपेक्षा चिवट निघाल्या. दातांच्या डॉक्टरांनी सोनूबायना सगळं समजावून कवळी बसवली, पण बजावलं की पुढच्या तपासणीपर्यंत भाकरी नाही आणि गाणंही नाही. त्यांनी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं!

भीती कसली ते सांगतो. कढत पाण्यात अॅक्रिलिक वाकतं. वाकलं की चीर पडू शकते, चिरेतून पाणी आत जातं आणि वाख ते पितो, फुगतो. अशी कवळी गाताना तुटली आणि श्वासाबरोबर तुकडा नरड्यात गेला तर? अॅक्रिलिक एक्स-रेमध्येही धड दिसत नाही. कसाऱ्याचा घाट उतरताना बाकीचे प्रवासी खिडकीतून दरी बघत होते, मी डोळे मिटून सोनूबायचं नरडं बघत होतो.

बस पडघ्याला बंद पडली. उन्हाचा कहर होता. समोर बाजारात आंब्यांच्या पाट्या, कलिंगडांचे ढीग, आणि रस्त्यावर नजर जाईल तिथवर ट्रक. एका रिक्षावाल्याला वडप्याला जायचं म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, "वडपा बोले तो गोदाम जाना है का गाव? गोदाम के गेट पे अपनेको घंटाभर खडा रखते हैं."

"गावात. धवलारणीच्या घरी."

"मंग आदी सांगायचा ना! सोनूबायकं! माज्या लग्नात तीच होती. बसा." त्यानं कंटेनरांच्या मधल्या बोळांतून रिक्षा अशी काढली की थोडा वेळ मी सोनूबायला विसरून स्वतःच्याच जिवाला घाबरलो.

गाव गोदामांच्या निळ्या पत्र्यांमागे दडलंय. सोनूबाय ओटीवर हिरवं नऊवारी नेसून बसल्या होत्या, समोर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. नेमकी डॉक्टरांनी बंद केलेली भाकरी.

"आयलास? बस. कल्पना, भाकर आन यालापन."

"मावशी, आधी कवळी द्या."

त्यांनी पदराआड ती काढून दिली. खिडकीशी धरून पाहिली. मधोमध, टाळूच्या बाजूला, केसासारखी पांढुरकी रेघ होती. टेबलावर ठेवली तर एका कोपऱ्यावर हलत होती.

"कुंडात का घातलीत?"

"मंगल गानी म्हनायची तोंडानं. ही वस्तू कुनाच्या कुनाच्या हातातून आयलेली. देवाच्या पान्यातून काढल्याबिगर कशी घालू?" त्यांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. नवरीचं मंगळसूत्रसुद्धा म्हणे त्या आधी त्या पाण्यातून काढतात.

मी हात जोडले. म्हटलं, ही घालू नका, तुकडा श्वासनलिकेत गेला तर जीव जाईल. दुसरी धवलारीण बोलवा. कल्पना म्हणाली, ती दुसऱ्या लग्नाला गेलीय. सोनूबाय माझ्याकडे बघून हसल्या, तोंडाचं बोळकं पूर्ण उघडून. "दातांबिगर सबूद फुटत न्हाय रं. पोरीचं लगीन मुकंच लावू?" आणि माझ्या हातातून कवळी घेऊन त्यांनी तोंडात बसवली. मला एकच कबूल केलं, की मी त्यांच्या अगदी समोर बसायचं आणि मी हात पुढे केला की त्यांनी थांबायचं.

मांडव गोदामाच्या आवारात होता. ट्रक बाजूला सारून जागा केली होती. नवरीला पाटावर बसवलं आणि सोनूबायनी धवला धरला. मागे बसलेल्या बायका प्रत्येक ओळ उचलत होत्या. आवाज असा खणखणीत की डीजेवाल्या पोरांनीही गप्प राहणं पसंत केलं. गाणं फार सुंदर असणार. मला एक अक्षर आठवत नाही. मी फक्त त्यांचा वरचा ओठ बघत होतो आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं प्रत्येक ओळीला मला काहीतरी तडकल्याचं ऐकू येत होतं.

मग खरोखरच तडकलं. बारीक आवाज, सुपारी फुटल्यासारखा. सोनूबायचे डोळे मोठे झाले. मी हात पुढे केला. त्या थांबल्या, पण मागच्या बायकांना वाटलं ओळ संपली, आणि त्यांनी ती उचलली. तेवढ्या वेळात सोनूबायनी तोंडाला पदर लावला आणि माझ्या तळहातावर कवळी ठेवली.

मी ती रुमालावर ठेवून पाहिली. आरपार तुटली होती. पण दोन्ही अर्धुकं सुटी झाली नव्हती. मधे वाखाचे ओले, पिवळट धागे ताणलेले होते आणि ती एकमेकांना लटकून होती. मी दात मोजले, कडा जुळवून पाहिल्या, पुन्हा मोजले. कपचीभरही कमी नव्हती. जीव भांड्यात पडला, आणि मग मला रडूच फुटलं. लग्नात कोणी रडलं तर कोणी विचारत नाही.

सोनूबाय पुढचं बोळक्या तोंडानं गायल्या. शब्द विरत होते, पण बायकांना ते पाठ होते. नवरीच्या आईनं तर नंतर त्यांचे पाय धरले.

निघताना सोनूबाय म्हणाल्या, "दुसरी कर. आसाच वाख घाल."

"आणि कुंडात?"

"तुज्या डागतराला इचार, कवरं गरम चालतंय."

परतीच्या बसमध्ये तुटलेल्या कवळीची डबी मांडीवर होती. डॉक्टरांना दाखवायची, धाग्यात पाणी कुठवर शिरलं ते कापून पाहायचं, सगळं ठरवलं. घाटात एकदा डबी उघडली. दोन्ही अर्धुकं बोटांत धरून जरा ओढलं की कळलं असतं, धाग्यांत अजून किती दम उरला होता ते. झाकण लावून टाकलं. डबी आजही माझ्या टेबलावर आहे आणि ओढून बघायचं धाडस मला अजून झालेलं नाही.