बिनड्रायव्हरच्या गाडीचा ड्रायव्हर

गॅरेजमधून गाड्या दुरुस्त होऊन निघून जातात, किस्से मात्र तिथंच पडून राहतात. त्यांना ना मालक न्यायला येत, ना भंगारवाला हात लावत. दारव्हा रोडला नानांचं गॅरेज आहे आणि त्याला लागून माझं फ्लेक्सचं दुकान. कॉम्प्युटरवर कोणाचं 'हार्दिक अभिनंदन' टाइप करत असलो तरी माझा एक कान तिकडंच. आणि तिथले निम्मे किस्से एकाच गाडीचे.

ती गाडी टीव्हीसाठी बनली होती. पोरांची एक मालिका यायची, त्यात ही चंदेरी गाडी आपोआप चालायची, आपोआप वळायची, चोराच्या मागं लागायची. आत ड्रायव्हरच नाही! आम्ही ताटातला भात थंड करून पाहायचो. पुढं मालिका बंद पडली, गाडी कुठल्याशा गोडाऊनमध्ये धूळ खात राहिली आणि फिरत फिरत नागपूरच्या भंगारात पोचली. नाना तिथं गेलते गिअरबॉक्स आणायला. आले ते ट्रकवर ही अख्खी गाडी चढवून.

नानांच्या बायकोनं, काकूंनी विचारलं, "गिअरबॉक्स कुठं हाय?"

नाना म्हणाले, "याच्यात एखादा असनच ना."

*

उघडून पाहिलं तर आत माणसाची जागा निघाली. मागची सीट उचलली की खाली पेटीसारखा खड्डा. ड्रायव्हरनं त्यात अर्धं आडवं व्हायचं. खरं स्टेअरिंग, क्लच, ब्रेक सगळं तिथं. समोरचं दिसायला गाडीच्या नाकात कॅमेरा आणि खड्ड्यात छोटा स्क्रीन. पुढच्या सीटसमोरचं चकचकीत स्टेअरिंग नुसतंच गोल फिरते. म्हणजे आम्ही ज्याला जादू समजत होतो, तो सीटखाली घामानं निथळणारा कोणीतरी माणूस होता. माझं बालपण त्या दिवशी, त्या गॅरेजमध्ये, संपलं.

नानांनी गाडी वरातीला द्यायला सुरुवात केली. गावापर्यंत ट्रकवर न्यायची आणि तिथून मांडवापर्यंत बँडच्या चालीनं चालवायची. नवरदेव पुढं एकटा ऐटीत, गाडी आपोआप. पण त्या खड्ड्यात मावणारा आणि टिकणारा माणूस एकच निघाला. नानांचा मेकॅनिक, गजू. बाकीचे उतरले तसे वर आले. एकजण तर म्हणाला, "जित्तेपनी कबरीत कायले झोपू बाप्पा?"

गजूचं दुःख वेगळंच होतं. वय पस्तिशीकडं चाललेलं आणि लग्न जुळून नव्हतं राह्यलं. एका जागी बसणं त्याला जमायचंच नाही. पाना उचलायचा, ठेवायचा, फोन पाहायचा, पुन्हा पाना. कुठून होकार आला का? नाही आला. "इतक्या लग्नाईत गेलो भाऊ," तो मला म्हणायचा, "एकाबी फोटोत नाही मी."

*

एकदा गजू गाडीची ट्रायल घ्यायला एकटाच निघाला. चौकात हवालदारानं पाहिलं, रिकामी गाडी येऊन राह्यली. त्यानं आधी शिट्टी मारली, मग बाजूला उडी मारली, मग गाडी थांबल्यावर चाकाखाली धोंडा लावला. चार लोकं जमले. हवालदार काचेतून वाकून रिकाम्या सीटला म्हणाला, "लायसन?"

मागच्या सीटखालून एक हात आला. हातात लायसन.

हवालदारानं लायसन पाहिलं, हात पाहिला, पुन्हा लायसन पाहिलं. "फोटोत तोंड हाय," तो म्हणाला, "आन तू हात दाखवून राह्यला. जुळवू कसं?"

*

एका वरातीत नवरदेवानं त्या खोट्या स्टेअरिंगवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं रील काढत मांडवापर्यंत आला. सासरे खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "जवाई पाहा आमचा! एका हातानं गाडी चालवते!"

जेवणं झाल्यावर पाहुण्यांना वाट करून द्यायची होती. सासऱ्यांनी मोठ्या प्रेमानं स्वतःच्या नव्या गाडीची चाबी जावयाच्या हातात दिली, "जरा मांग घेता का?"

जावयानं सायकलच्या पुढं काहीच चालवलं नव्हतं. पण नाही कसं म्हणायचं? गाडी मागं गेली, जिलबीच्या कढईपर्यंत.

सासऱ्यांनी आधी बंपरवरचा पाक पुसला. मग म्हणाले, "दोन्ही हातानं चालवाची होती."

*

नगरपालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवारानं गाडी मागितली. कल्पना अशी, की साहेब पुढं उभे राहून दोन्ही हात जोडणार आणि गाडी आपोआप गल्लीगल्लीतून फिरणार. छतातला तुकडा निघायचाच, म्हणजे उभं राहायची सोय होती. भर उन्हात मिरवणूक निघाली. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून विरोधी पार्टीचा एकजण ओरडला, "साहेब, तुमची गाडी चालवून कोन राह्यलं? कोनीच दिसत नाही!"

साहेब हजरजबाबी. माइकवर म्हणाले, "माही गाडी जनता चालवते!"

टाळ्या पडल्या. आणि त्या थांबता थांबता सीटखालून आवाज आला, "जनतेले गर्मी होऊन राह्यली साहेब, थोडं पानी द्या."

माइक चालूच होता.

*

आता राळेगावचा किस्सा. हा सांगताना हसू येते, पण गजूसमोर आम्ही सांगत नाही.

तिथलं एक स्थळ आलं. नाना म्हणाले, "गाडी घेऊन जाऊ, इम्प्रेशन पडन." पोहे झाले, मुलीनं गजूकडं पाहिलंही बरं. मग नानांनी मुलीच्या वडलांना गाडीत पुढं बसवलं आणि गजू गेला खड्ड्यात. गाडी गावातून एक चक्कर मारून आली. वडील खाली उतरले, घाम पुसला.

"पोरगा कुठं होता?"

"हे काय, तुमच्या मांगं. सीटखाली."

वडलांनी विचार केला. "जो पोरगा गाडीतच दिसत नाही," ते म्हणाले, "तो संसारात काय दिसन?"

झालं. परत येताना गजू ट्रकच्या केबिनमध्ये सारखा काच वर-खाली करत होता. नानांना म्हणाला, "आता पुरे. मी ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरवर मानूस उंच दिसते."

नानांनी हातापाया पडून एक शेवटची वरात करायला लावली.

*

ती वरात मुकुटबनहून केळापूरला चालली होती. केळापूरच्या वेशीवर गाडी ट्रकवरून उतरली. नवरदेव पुढं बसला, मागं त्याची बहीण, शुभांगी. बँड सुरू झाला, धूळ उडाली आणि सीट खोकलली.

शुभांगी उडालीच. "अवं माय, सीट खोकलते!"

"सीट नाही. मी हाय, गजू. ड्रायव्हर."

"मंग खालतं काहून बसला?"

"वरची जागा नवरदेवाची हाय."

"थो त निस्ता बसला हाय," ती म्हणाली. "चालवून त तूच राह्यला ना?"

गजू सांगते, त्याच्या पायाखालून तेव्हा ब्रेक सुटला होता.

मांडवापर्यंत दोघं बोलतच होते. मागून चालणारी मावशी घाबरली, "पोरगी सीटसंग बोलून राह्यली, नजर काढा तिची!" आणि मांडवाशी पोचल्यावर गजू वर यायलाच तयार नाही. तोंडाला ग्रीस लागलं होतं म्हणे. सगळी मंडळी आत गेल्यावर बाहेर आला. पण तोवर नंबर दिला-घेतला होता.

पुढचं बोलणं करायला नाना आणि गजू मुकुटबनला गेले. एसटीनं. गाडीचा विषयसुद्धा काढला नाही. तिकडून होकार आला तेव्हा गजूच्या हातात पाना होता. तो त्यानं दिवसभर खाली ठेवला नाही.

*

आणि मग गजूचं लग्न.

त्याची एकच अट होती. "नाना, माह्या लग्नात मी वर बसन. लोकाईनं मले पाह्यलं पायजे." नाना म्हणाले, "बस राजा. खालतं मी जातो." मी गजूचा फोटो दाराएवढ्या फ्लेक्सवर छापला.

मुकुटबनच्या वेशीवर गाडी उतरवली. गजू शेरवानी घालून, मुंडावळ्या बांधून पुढं बसला. आम्ही सगळ्यांनी फोन बाहेर काढले. नाना सीट उचलून आत शिरले आणि कमरेत अडकले. सकाळी आलूबोंडे जरा जास्तच झाले होते. आम्ही ढकललं, मग ओढलं. नाना बाहेर आले, पण पाठ धरूनच. ट्रकचा ड्रायव्हर आत एक नजर टाकून म्हणाला, "मले मळमळते." तिकडून फोनवर फोन, मुहूर्त चालला, वरात कुठं आहे?

गजू पुढच्या सीटवर थोडा वेळ बसून राहिला. समोरच्या काचेत स्वतःला पाहिलं. मग उतरला, शेरवानी गुडघ्यापर्यंत खोचली, मुंडावळ्या कानामागं घेतल्या आणि खड्ड्यात गेला.

बँड वाजायला लागला. गाडी हळूहळू निघाली, मुकुटबनच्या मधल्या रस्त्यानं. पुढची सीट रिकामी, मागची रिकामी. दोन्ही बाजूला लोकं माना उंच करून पाहत होते. एक म्हातारा मला म्हणाला, "नवरदेव पळाला का बे?"

मांडवाच्या दारात गाडी थांबली. शुभांगीची आई ओवाळायचं ताट घेऊन समोर आली आणि जागीच थांबली. तिनं रिकाम्या सीटकडं पाहिलं, मग नानांकडं, मग माझ्याकडं. बँडवाल्यांनी एकेक करून वाजवणं बंद केलं.

तेवढ्यात घराच्या वरच्या खिडकीतून शुभांगी वाकली, हिरव्या चुड्याचा हात बाहेर काढून.

"आई, मांगच्या सीटले ओवाळ."