कापून जाणारी कड

ताईची पुस्तकं चाळून लोक मला म्हणतात, "किती मायाळू बाई असेल ही!" घर हरवलेली गोगलगाय, पायऱ्या मोजणारी मांजर, अंघोळीला घाबरणारा हत्ती. लहान मुलांसाठी अठरा चित्रपुस्तकं, आणि एकाही पानावर कोणी कोणावर ओरडत नाही. मी तिची धाकटी बहीण. मला विचाराल तर मायाळू वगैरे काही नाही. ताई आयुष्यभर चिडलेली आहे आणि त्या चिडीतूनच तिने ही सगळी पुस्तकं काढली.

आमचे बाबा शाळेत शिक्षक. मुलं त्यांना पट्टीमास्तर म्हणायची आणि मुलांचे आईबाप शिस्तीचा माणूस म्हणून नावाजायचे. ती हातभर लांबीची, पितळी कडेची लाकडी पट्टी रोज त्यांच्याबरोबर घरी यायची. शाळेत ती सपाट बाजूने बसायची, घरी कडेने.

ताई नऊ वर्षांची होती, मी सहा. बाबांनी तपासायला आणलेले पेपर टेबलावर पडले होते. कुणा मुलाच्या पेपरात समास चांगला ऐसपैस सोडलेला होता. ताईला राहवलं नाही. तिने तिथे पेन्सिलीने एक गोगलगाय काढली, अंगठ्याच्या नखाएवढी.

"हात ठेव," बाबा म्हणाले.

ओरडले नाहीत. ते कधीच ओरडायचे नाहीत. ताईने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. पहिल्या फटक्याला कातडी फाटली. तिसऱ्याला वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. आई मध्ये पडली तर त्यांनी तिचे केस धरून तिचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. तिच्या कानातून रक्त आलं आणि त्या कानाने पुढे तिला मरेपर्यंत ऐकू आलं नाही. मी टेबलाखाली होते. माझी चड्डी ओली झाली होती. बाबांनी नळाखाली पट्टी धुतली, पुसली आणि पुन्हा पेपर तपासायला बसले. त्या मुलाचे नीटनेटकेपणाचे दोन गुणही कापले.

डॉक्टरांना आम्ही सांगितलं, दारात बोटं सापडली. ताईची दोन बोटं वाकडीच जुळली. महिन्याभरात ती डाव्या हाताने चित्रं काढायला लागली.

एकोणिसाव्या वर्षी तिने घर सोडलं आणि एका छापखान्यात पानं चिकटवायचं काम धरलं. तिथे तिला एक गोष्ट कळली. चित्र पानाच्या हद्दीच्या थोडं बाहेरपर्यंत रंगवावं लागतं, म्हणजे छापून झाल्यावर कडा कापताना पांढरी रेघ राहत नाही. बाहेरची ती पट्टी यंत्रात कापली जाते. इकडून तिकडे आडवं जाडजूड पातं खटकन खाली येतं आणि शेकडो कागदांची कड एकदम वेगळी होते. ताई जेवणाच्या सुट्टीतही ते बघत उभी राहायची. कापणारे तिला हसायचे.

तिचं पहिलं पुस्तक आलं ते गोगलगायीचं. ते घराघरात गेलं. मी कौतुकाने तिच्या खोलीवर गेले, तर मूळ चित्रं भिंतीला टेकून ठेवलेली होती. प्रत्येक चित्राच्या बाहेरच्या कडेला, जिथून कापायचं त्या पेन्सिलीच्या रेषेपलीकडे, बाबा होते. कुठे नुसता बूट, कुठे अर्धा चेहरा, कुठे पट्टी उगारलेला हात. बाही दोनदा दुमडलेली आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, जसं फक्त तेच बांधायचे.

"तीन हजार प्रती," ताई कुंचला धूत म्हणाली. "प्रत्येक प्रतीत, प्रत्येक पानावर कापला जातो. मी कापताना जाऊन बघते."

मी हसले. मग चित्रांकडे पाठ करून बसले.

इतर चित्रकार जेमतेम चिमूटभर कड सोडतात. ताई चांगली बोटभर सोडायची, कारण माणूस मावायला जागा लागते. प्रकाशक तिची थट्टा करायचे, "बाई, तुमचा हात फारच सैल आहे हो!" ती मान डोलवायची.

पुढे माझा नवरा दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला. तोवर आई गेली होती. मी माझ्या लेकीला घेऊन बाबांकडे राहायला आले. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मला काम होतं, सहापर्यंत. लेक एकला शाळेतून यायची. म्हणजे रोज पाच तास ती आणि आजोबा.

ताई मला भेटायला आली तरी जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच बोलायची, वर पाऊल टाकायची नाही.

"पोरीला त्याच्याजवळ ठेवू नकोस."

"अगं, थकलेत आता ते. चहाचा कप धरताना हात कापतात."

"पट्टी कुठंय?"

"कपाटावर. धूळ खात पडलीय."

"धूळ आहे का? बघितलंस चढून?"

मी नाही बघितलं. मला दुसरं घर शोधायचं नव्हतं, खरं कारण तेवढंच. उलट मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझी लेक किती शहाणी, साडेपाच वर्षांची आहे पण स्वतःचे मोजे स्वतः घालते, मला पायाला हात लावू देत नाही.

मग ते हत्तीचं पुस्तक आलं, अठरावं. प्रकाशकांच्या मनात आलं की मुलांना मोठी पुस्तकं आवडतात आणि बाईंनी एवढं चित्र कडेला रंगवलंच आहे, तर वाया कशाला घालवायचं? त्यांनी ताईला न विचारता आकार बोटभर वाढवला. तेव्हा ताई तापाने पडून होती, कापताना बघायला गेली नव्हती. पुस्तक थेट दुकानात गेलं आणि तिथून माझ्या पिशवीत.

संध्याकाळी लेक मांडीवर, पुस्तक तिच्या मांडीवर. पलीकडच्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू. हत्ती टबाकडे बघून थरथरतोय आणि पानाच्या उजव्या कडेला, कापून जायला हवा होता तो, पट्टी उगारलेला हात. चेहरा नाही. नुसता हात, दुमडलेली बाही, उलटं घड्याळ.

लेकीने पान उलटलं नाही. माझ्या कानाशी येऊन ती कुजबुजली, "आई, आजोबा पुस्तकात कसे गेले?"

आणि तिने दोन्ही पाय पोटाशी घेऊन फ्रॉकखाली लपवले.

मी मोजे ओढून काढले. तळव्यांवर आडव्या सरळ रेघा होत्या. काही निळ्या, काही पिवळ्या पडत आलेल्या. कडेने मारल्याच्या.

कपाटावर धूळ होती. पट्टीवर नव्हती.

बाबा खुर्चीत होते. मी म्हटलं, "हात ठेव." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकेरीत बोलले. आणि त्यांनी ठेवला हो! खुर्चीच्या हातावर, पालथा. मी पट्टी कडेने मारली. तिसऱ्या फटक्याला तो आवाज आला. मी थांबले नाही. मनगटावर मारलं, खाली दबून घड्याळाची काच फुटली. कानावर मारलं, गालावर मारलं, ते खुर्चीतून घसरून खाली पडले तर पाठीवर मारलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

टेबलाखालून बारीक आवाज आला तेव्हा हात थांबला. लेक तिथे बसली होती, गुडघे छातीशी धरून. तिच्याखालची फरशी ओली झाली होती.

शेजाऱ्यांना हाक मारून आम्ही दोघी तशाच ताईकडे गेलो. बाबांनी दवाखान्यात सांगितलं, दारात बोटं सापडली. आता ते वृद्धाश्रमात असतात आणि तिथले लोक म्हणतात, किती शिस्तीचे आहेत. प्रकाशकांनी ताईची हात जोडून माफी मागितली आणि उरलेल्या प्रती परत कापून घेतल्या. मी मात्र त्या चुकीसाठी त्यांचे पाय धरायला हवे होते.

लेक आता मावशीच्या टेबलावर चित्रं काढते. परवा तिने मला एक पान दाखवलं. घर, मांजर, सात पायऱ्या. पेन्सिलीची रेषा, आणि रेषेपलीकडे एक बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, माझ्यासारखा. हातात पट्टी.

"ही कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"ती कापून जाणार आहे," तिने माझी समजूत घातली. "तूच काप."

तिने कात्री माझ्या हातात दिली आणि एक पाऊल मागे सरकली.