चुन्याचा आठ
परवा सोसायटीच्या मैदानात खेळांसाठी चुन्याच्या फक्कीने रेषा आखत होते, आणि त्या कोरड्या वासानं मला माजिवड्याचं घोडेस्वारीचं मैदान आठवलं. मी तेव्हा नववीत होते आणि तिथे घोडेस्वारी शिकायला जायचे. सरांनी फक्कीने जमिनीवर भलामोठा इंग्रजी आठ काढलेला आणि त्या रेषेवरून घोडी चालवायची होती. आदल्या रविवारी मी पडलेले, म्हणून “आज शेवटचा क्लास” असं बजावूनच आई सोबत आलेली. भीतीने माझी नजर खालीच जायची आणि घोडी दर वळणावर रेषा सोडायची. “मान वर! तू बघशील तिथंच ती जाणार,” सर ओरडत होते, पण मला काही जमेना. तेवढ्यात आई कुंपणातून आत शिरली, साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि सर काही बोलायच्या आत आठावरून माझ्यापुढे झपाझप चालायला लागली. “माझ्या अंबाड्याकडे बघ गं!” तिच्याकडे बघत मी पहिलं वळण घेतलं, मग दुसरं. शेवटी ती धापा टाकत बाजूला झाली आणि पुढचा अख्खा आठ मी एकटीने पूर्ण केला. रिक्षात बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, “पुढचा क्लास कधी?” आता तिथे टॉवर झालेत, पण घोड्यांचा विषय निघाला की आई पाहुण्यांना अजून ठासून सांगते, “आम्ही दोघी शिकलो.”