पहिले पाऊल आखूड

टक्. टक्. टक्. त्या जानेवारीतल्या आमच्या घराचा आवाज कोणता, असे कुणी विचारले तर बाहेर बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांची घरघर मला आधी आठवत नाही. आठवते ती ही टकटक. जेवणाच्या टेबलापाशी लेक लॅपटॉप उघडून बसलेली, तिच्या मुठीत अंगठ्याएवढा रिमोट आणि पडद्यावर अमेरिकन फुटबॉलच्या एकाच खेळीचे सहा सेकंद. टक्, गडी पुढे धावले. टक्, तेच गडी उलटे चालत आपापल्या जागी परतले. असे वीस वेळा. मी वरणाला फोडणी देत असे, आणि मोहरी तडतडायची थांबली की मागून पुन्हा तोच ठेका ऐकू येई. मला त्याचे नवल वाटत नसे. लिहिताना एकाच ओळीपाशी आठवडाभर रेंगाळलेली मीही आहे. एक शब्द उचलायचा, उजेडात धरून बघायचा, पुन्हा जागेवर ठेवायचा. फरक एवढाच, की माझ्या ओळीला कुणी धडक मारत नसे.

"आई, बॉलकडे बघू नको," मान न वळवता ती म्हणे. "सगळं जग बॉलकडे बघतं. तू पाय बघ."

पाय बघणे हाच तिचा व्यवसाय. आमच्या ट्रॉय गावातल्या शाळेत असताना ती बँडमध्ये ढोल वाजवायची. शुक्रवारी संध्याकाळी सामना असे, बँड थंड पत्र्याच्या बाकांवर बसलेला असे, आणि ही पोर ढोल वाजवायला जाई ती खेळाडूंची पावले मोजत घरी येई. पुढे विद्यापीठाच्या संघात पाण्याच्या बाटल्या भरणे, मग सामन्यांच्या फिती कापून जोडणे, ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात दोन हिवाळे, आणि अखेर व्यावसायिक संघ, एकामागून एक. तिथे मुख्य प्रशिक्षक एकच. टीव्हीवर रागावलेला दिसतो तो. त्याच्या हाताखाली मैदानावरच्या प्रत्येक जागेसाठी वेगळा प्रशिक्षक, आणि त्या प्रशिक्षकालाही एक मदतनीस. माझी लेक अशी मदतनीस होती. चेंडू छातीशी धरून धावणारे जे गडी, ज्यांना रनिंग बॅक म्हणतात, त्यांच्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या खेळी कार्डांवर काढून देण्याचे काम तिने चार शहरांत, भाड्याच्या चार घरांत केले.

हे सारे मंडळाच्या गणपतीत समजावून सांगणे सोपे नसते. एका काकूंनी प्रसादाची वाटी हातात धरून माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे शाळेत पी.टी.च्या बाई असायच्या, तशी?"

"तशीच," मी म्हणाले. "फक्त पोरं जरा मोठी आहेत."

त्या वर्षी संघ हरत राहिला आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुख्य प्रशिक्षकाला निरोप मिळाला. या धंद्याची रीतच अशी, की मुख्य प्रशिक्षक गेला की दोरी सुटलेल्या मोळीसारखी त्याची माणसेही विखुरतात. लेक दोन बॅगा घेऊन, आठ तास गाडी चालवत घरी आली. तिला चौतिसावे सरले होते. दहा दिवसांनी दुसऱ्या एका संघाचे बोलावणे आले, आणि या खेपेस जागा मदतनिसाची नव्हती. रनिंग बॅकच्या प्रशिक्षकाची होती. मुलाखत गुरुवारी.

दुसरीकडे माझी धाकटी बहीण होती. ती ओहायोतल्या डब्लिनला राहते. तिच्या यजमानांच्या कंपनीत नव्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची एक जागा रिकामी होती. "नऊ ते पाच, शनिवार-रविवार सुट्टी, इन्शुरन्स," बहीण फोनवर म्हणाली. "आणि पोरीला सांग, तिथे कुणी कुणाला आडवं पाडत नाही. सोमवारपर्यंत कळव."

लेकीने ते शांतपणे ऐकले. "या वेळी नाही झालं, तर मी डब्लिनला जाते, आई," ती म्हणाली. "यार, किती वर्षं मी दुसऱ्याची कार्ड्स काढत बसू?" म्हणाली हसतच, पण नंतर बराच वेळ टकटक ऐकू आली नाही.

या मुलाखतीतही एक रीत आहे. उमेदवाराला प्रश्न फारसे विचारत नाहीत. हातात मार्कर देतात आणि म्हणतात, शिकवा. तेव्हा बुधवारी दुपारी आमच्या दिवाणखान्याचे मैदान झाले. मी दर रविवारी मराठी शाळेत शिकवते, तिथला पांढरा फळा गाडीत होता. तो सोफ्यावर टेकवला. खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड येत होता, मार्करचा तिखट वास आणि वरणाचा मऊ वास एकमेकांत मिसळत होते. जेवणाच्या पाच खुर्च्या ओळीने मांडल्या. ती पुढची भिंत. तिच्यामागे कागदी छत्रीचा आमचा उंच दिवा, तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. दिव्याशेजारी रनिंग बॅक म्हणून मी. आणि खुर्च्यांपलीकडे, भिंत चुकवून आत घुसणारा शत्रू म्हणून, सोफ्याची उशी पोटाशी धरून माझे यजमान.

"ब्रेकच्या माणसाला धडक मारायला सांगतेस?" ते म्हणाले. मोटारींच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर ब्रेक तपासले होते.

"बाबा, फुल स्पीड हं."

"फुल स्पीड गुडघ्याला विचारून ठरेल."

लेकीने शिकवायला सुरुवात केली. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कुणी आत घुसलाच, तर त्याला अडवायचे ते रनिंग बॅकने. मागे सरायचे नाही, जागीच वाटही बघायची नाही. आतल्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या बाजूच्या पायाने एक आखूड पाऊल पुढे टाकायचे आणि त्याचा वेग वाढण्यापूर्वीच त्याला गाठायचे. लाल बाण, निळे बाण, तुटक रेषा. वीस मिनिटांत फळा एखाद्या सुबक रांगोळीसारखा भरून गेला. ती इतके छान बोलत होती, की मी अर्थाकडे लक्ष द्यायचे विसरून तिच्या आवाजाचे चढउतारच ऐकत राहिले.

"कळलं?" तिने विचारले.

"कळलं," मी म्हणाले.

"क्रिस्टल क्लिअर," यजमान म्हणाले.

"ओके. गो."

यजमान निघाले. वयाच्या मानाने बरेच वेगात निघाले. आणि मी बाजूला झाले. नुसती बाजूला झाले नाही, तर डावा हात किंचित पुढे करून त्यांना वाट दिली, दारात आलेल्या पाहुण्याला देतो तशी. उशी थेट दिव्यावर आदळली. दिवा डुलला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, आणि आडवा झाला. कागदी छत्री चुरगळल्याचा आवाज वाळक्या पानावर पाय पडावा तसा झाला.

"आई, तू त्याला आत घेतलंस."

"बाबा आहेत ते तुझे."

"पण तू म्हणालीस, कळलं."

"तू इतकं मनापासून सांगत होतीस. नाही कसं म्हणू?"

मला वाटले, ती हसेल. ती खाली गालिच्यावर बसली आणि चुरगळलेली छत्री बोटांनी सरळ करू लागली. मग त्या छत्रीलाच सांगितल्यासारखे म्हणाली, "गेल्या सीझनला माझ्याकडे एक नवीन मुलगा होता. काहीही सांगितलं की, येस कोच. इतका पोलाइट. आणि मॅचमध्ये असाच बाजूला झाला. क्वार्टरबॅकचा खांदा निखळला." तिने छत्रीची आणखी एक घडी सरळ केली. "मी रिपोर्टमध्ये लिहिलं, लक्ष देत नाही."

यजमानांनी उशी हळूच सोफ्यावर ठेवली. मी फळ्याकडे पाहिले. वर्षानुवर्षे दर रविवारी याच फळ्यासमोर उभी राहून मी विचारत आले आहे, कळलं का? आणि समोरची पोरे एका सुरात, भूक लागलेल्या आवाजात 'हो' म्हणत आली आहेत. त्या 'हो'वर विसंबून मी किती निर्धास्तपणे फळा पुसला असेन.

लेक उठली आणि तिने सगळी रांगोळी हाताने पुसून टाकली. तळवा जांभळा झाला. "फळा नको," ती म्हणाली. "सांगणं नको. शो मी. पाय दाखव."

त्यानंतरचा तास मला शरीरानेच आठवतो. मोज्यांतून टाचेला लागणारे गालिच्याचे खरखरीत धागे. गुडघ्यांत वाकताच पाठीला झालेली एक विसरलेली जाणीव. पहिल्यांदा माझे पाऊल लांब पडले आणि तोल गेला. दुसऱ्यांदा पाय चुकीचा. तिसऱ्यांदा मी "सॉरी" म्हणाले, आणि लेक म्हणाली की शत्रूला सॉरी म्हणायची पद्धत अजून खेळात आलेली नाही. मग ती माझ्या शेजारी उभी राहिली, स्वतःचे पाऊल टाकले, आणि मला उमगले की ते पाऊल इतके आखूड असते, की त्याला पाऊल म्हणावे की नुसता इरादा. दहाव्या खेपेस माझे दोन्ही तळवे उशीला वेळेवर भिडले, आणि ब्रेक तपासण्यात हयात घालवलेला तो गृहस्थ अलगद सोफ्यावर जाऊन बसला.

"अरे," ते म्हणाले. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्याविषयी त्यांच्या सुरात एवढा आदर मी ऐकला नव्हता.

गुरुवारी तिने विमानतळावरून फोन केला. मागे घोषणा चालू होत्या.

"समोर पाच जण होते. मी बोर्डवर दोन मिनिटं काढलं आणि विचारलं, गॉट इट? सगळे म्हणाले, गॉट इट. मग मी हेड कोचला म्हटलं, शो मी."

"उभं केलंस त्यांना?"

"उभं केलं. सव्वासहा फूट माणूस, आई. त्याने चुकीचा पाय टाकला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, अगेन."

"मग?"

"मग त्याने पुन्हा केलं. हसला नाही. म्हणाला, आम्ही कळवू."

फोन स्पीकरवर होता. यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "डब्लिन चांगलं गाव आहे," ते म्हणाले.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी शाळेत मी कुणालाच 'कळलं का' विचारले नाही, त्यामुळे धडा निम्माच झाला. सोमवारी सकाळी बहिणीचा फोन आला, संध्याकाळी पाचपर्यंत तिच्याकडच्यांना उत्तर हवे होते. लेक घरातच होती, पण टकटक बंद होती. घरातल्या त्या शांततेला कंटाळून मी दुपारी भारतीय किराणा दुकानात गेले. तिथे हिंगाचा, गोणपाटाचा आणि दारातून आत आलेल्या ओल्या बुटांचा असा एक वास दरवळतो, की मन आपोआप सैल होते. तूरडाळीचे पाकीट उचलले आणि फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?"

"डाळींपाशी."

"हेड कोचचा फोन आला. त्याने स्वतः केला." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "म्हणाला, गुरुवारपासून जिना चढताना तो स्वतःचं पहिलं पाऊल बघतोय."

"अगं, मग पुढे?"

"रनिंग बॅक्स माझे. असिस्टंट नाही, आई. माझे."

मी तूरडाळ छातीशी धरून उभी होते. चेंडू कसा धरतात ते मला तेव्हा नीट समजले.

"मावशीला तूच सांग," ती म्हणाली. "आणि समरमध्ये कॅम्प असतो, तेव्हा तू नि बाबा या. नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी तेच शिकवणार आहे, जे तुला शिकवलं. आठवतं ना? आतला पाय, आखूड, पुढे. कळलं?"

माझ्या मागे एक आजोबा आपली ढकलगाडी घेऊन, मी बाजूला होण्याची वाट पाहत उभे होते.

"कळलं," मी म्हणाले.

मग लेक म्हणाली,

"दाखव."