सतरा नंबरचं कण्हणं

"सतरा नंबरपुढं 'बरी' एवढंच लिहायचंय, बाई. एका शब्दासाठी अर्धा तास वाद घालताय."

"ती बरी झाली नाही, सर. तिनं येणं सोडलं."

"बरं वाटल्याशिवाय माणूस येणं सोडतं का?"

"कंटाळूनही सोडतं. मरूनही सोडतं."

सरांनी गार झालेल्या चहावरची साय चमच्यानं ओढली आणि कपाच्या काठाला पुसली. कालची वाळलेली साय तिथं होतीच. आत्याला मळमळलं.

माझी आत्या सरांच्या संशोधन विभागात अकरा वर्षं टायपिस्ट होती. शरीराचं दुखणं मनातून उगवतं का आणि बोलून बोलून ते उतरतं का, हा तिथला अभ्यास. सर पेशंटशी बोलायचे, ते रेकॉर्ड व्हायचं आणि आत्या हेडफोन लावून सगळं टाईप करायची. सगळे तिला हेडफोनबाईच म्हणत. पेशंटचे चेहरे तिनं कधी पाहिले नाहीत. तिच्याकडं यायचे ते नंबर आणि आवाज. पण कामावर तिचा जीव होता. सहा नंबरच्या मास्तरांची वर्षभर बसलेली वाचा चौदाव्या भेटीत परत आली, तेव्हा टाईप करता करता ती रडली होती.

विभागाचा नियम असा की फक्त शब्द लिहायचे. खोकला, उचकी, कण्हणं गाळायचं. सतरा नंबर दर भेटीला निघताना पिशवी उचलायला वाकायची आणि दारात शेपूट सापडलेल्या मांजरीसारखी बारीक कण्हायची. नऊ भेटी झाल्या. आत्यानं नऊही वेळा ते गाळलं. फाइलमध्ये उरली ती फक्त सासू, कारण सर विचारायचे सासूबद्दलच.

गेल्या आठवड्यात आत्या लाँड्रीत गेली. काउंटरमागची बाई कपड्यांचा गठ्ठा उचलायला वाकली आणि तेच कण्हणं ऐकू आलं. आत्याच्या हातातली पावती खाली पडली.

"टाके ओढतात अजून," ती बाई म्हणाली. "पित्ताशयात खडे होते हो. फुटायच्या बेतात होतं. आणि मी तीन महिने एका डॉक्टरांकडं सासूच्या तक्रारी सांगत बसले. बिचारी तीच मला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेली."

हे सगळं आत्यानं आज सरांना सांगितलं होतं.

"पेशंटशी बोलायची तुम्हाला परवानगी नाही," सर म्हणाले. "गोपनीयता नावाची गोष्ट असते."

"मी कपडे आणायला गेले होते. तीच बोलली."

"खडे कुणालाही होतात. पण ताण होताच ना तिला? तुम्हीच टाईप केलाय."

"मी अर्धंच टाईप केलंय, त्याचीच तर किळस येतेय. पण तुम्ही समोर बसला होतात, सर. वाकताना तिचं तोंड दिसलं नाही?"

"पेशंट निघते तेव्हा मी टिपणं काढत असतो."

"नऊही वेळा?"

सरांनी चमचा चाटला. "हे बघा, विसांपैकी चौदा बरे, असा निकाल परिषदेला जायचाय. एका बाईपायी मी तो बिघडवू?"

"चौदांपैकी येणं सोडलेले किती?"

"पाच."

"पाचही 'बरे' म्हणूनच धरलेत?"

सरांनी चमचा पुन्हा सायीत घातला. आत्याच्या घशाशी आंबट आलं.

"उद्या हे छापून येईल," ती म्हणाली. "मग पोट दुखतंय म्हणणारीला सोनोग्राफीच्या आधी या खुर्चीत आणून बसवतील."

"टायपिस्टनं टाईप करावं, बाई."

"केलंय." तिनं नऊ कागद टेबलावर ठेवले. सकाळी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून तिनं प्रत्येक भेटीच्या शेवटी एक शब्द वाढवला होता: कण्हते. तक्त्यात सतरा नंबरपुढं लिहिलं होतं: येणं सोडलं.

सरांनी वरचा कागद वाचला. मग चष्मा काढला आणि पेशंटसाठी राखून ठेवलेला मऊ आवाज लावला. "हल्ली तुम्हाला सारखं मळमळतं, नाही? माझ्या लक्षात आलंय. बसा जरा. घरी काही ताण आहे का?"

आत्यानं गळ्यातला हेडफोन काढला, त्या कपाशेजारी ठेवला, पर्स उचलली आणि दार उघडून निघून गेली.